पिशवीतल्या गोळ्यांचा ताळमेळ

गेले दोन आठवडे हे सदर आले नाही. काही वाचकांनी संपादकांकडे चौकशी केली. एकदोघांनी तर आमच्या कचेरीत येऊन विचारले, "काय भाऊ, लिहिणं सोडलं की काय?" तसे काही नाही. आमच्या आईला बारा दिवसांत दुसऱ्यांदा इस्पितळात ठेवावे लागले आणि आमचे सारे दिवस कचेरी, वॉर्ड आणि घर या तीन खेपांत गेले. घरचे दुखणे सदरात आणायचे नाही असा आमचा नियम आहे. या वेळी तो मोडतो आहोत. कारण आईची दुसरी खेप टळू शकली असती, आणि ती टळली नाही यात आमचाही हात होता.

आई अडुसष्ट वर्षांची. महापालिकेच्या सफाई खात्यात तेहतीस वर्षे झाडू मारून निवृत्त झाली. तिच्या पगारावर आम्ही बी. कॉम. झालो, हे आमच्या वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. पावसाळा संपता संपता तिला दम लागू लागला. जिन्यात दोनदा बसायची, रात्री आडवी झाली की खोकला यायचा, पायावर बोट दाबले तर खळगा पडायचा. इस्पितळात नेले. हृदयाचा पंप कमजोर झाला आहे आणि म्हणून अंगात पाणी साठते, असे डॉक्टरांनी सांगितले. आठ दिवसांत सूज उतरली, आई सपाट झोपू लागली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी गप्पा मारू लागली. आम्हाला वाटले, जिंकलो.

शनिवारी दुपारी साडेतीनला डिस्चार्ज मिळाला. हाऊसमन डॉक्टर तरुण पोरगा, रात्रभर जागा असावा. त्याने कार्ड हातात दिले. "सगळं लिहिलंय. मीठ कमी. पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवा." एवढे बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. आम्हीही काही विचारले नाही. आमचे अर्धे लक्ष टॅक्सीकडे आणि अर्धे खिशाकडे. कार्डावर सात औषधे होती. चार इस्पितळाच्या औषधखिडकीवर मिळाली, तीन बाहेरून घेतली. घरी येऊन सगळी आईच्या जुन्या पिशवीत टाकली. कुठल्याशा साडीच्या दुकानाची लाल कापडी पिशवी आहे, खिडकीच्या गजाला लटकलेली असते. तिच्यात आधीची औषधे होतीच.

अकराव्या रात्री आई बसून श्वास घेऊ लागली. पहाटे पुन्हा तोच वॉर्ड. या वेळी एक वरच्या दर्जाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारले, "आजी गोळ्या घेत होत्या ना?" आम्ही छातीठोकपणे सांगितले, "हो, अगदी वेळेवर." त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "घरून पिशवी घेऊन या. सगळी पिशवी. काही काढून ठेवू नका."

पिशवी त्यांनी खाटेच्या कडेला असलेल्या टेबलावर पालथी केली. एकोणीस पाकिटे निघाली. त्यांनी पत्ते लावावे तशी ती लावली आणि दहा मिनिटांत आमच्या घरचा सगळा कारभार आमच्यापुढे मांडला.

पहिली गोष्ट. लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड. बारा दिवसांत बारा संपायला हव्या होत्या. पाकिटातून चारच गेल्या होत्या.

दुसरी. रक्तदाबासाठी आई गेली तीन वर्षे वस्तीतल्या डॉक्टरांची एक गोळी घेत होती. इस्पितळाने नवी दिली. दोहोंवर नावे निराळी, रंग निराळे, कंपन्या निराळ्या. पण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात एकच औषध लिहिले होते, मेटोप्रोलॉल. आई जुनी सकाळी घेत होती आणि नवी रात्री. नाडी अठ्ठेचाळीसवर आली होती.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरची गोळी. इस्पितळातून आल्यावर चौथ्या दिवशी आई गुडघ्याने कण्हू लागली, तेव्हा आम्हीच कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून दहाचे पाकीट आणून दिले होते. केमिस्टने चिठ्ठी मागितली नाही, आम्ही दाखवली नाही. सात गोळ्या गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी कागदावर एक मूत्रपिंड काढून समजावले ते असे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफिनॅक या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतात. म्हणजे लघवीची गोळी जे बाहेर काढते तेच ही आत कोंडते. शिवाय या गोळ्यांनी मूत्रपिंडाला जाणारा रक्तपुरवठा आखडतो. कमजोर हृदयासाठी रामिप्रिलसारखी गोळी चालू असते, वर लघवीची गोळी, आणि त्यात ही दुखण्याची गोळी पडली, की तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा गळा आवळतात. आईच्या रक्तात क्रिएटिनिन पहिल्या खेपेपेक्षा वाढलेले होते. गुडघे दुखले तर काय करायचे, हे आधी विचारले असते तर त्यांनी पॅरासिटामॉल मापात घ्यायला सांगितले असते. पण विचारायचे कोणी? आम्हाला वाटले, दुखण्याची गोळी म्हणजे काय औषध आहे का! ती तर घरोघरी असते. डब्यात, पर्समध्ये, रिक्षावाल्याच्या खिशातसुद्धा.

लघवीची गोळी आईने का घेतली नाही, ते आम्ही तिला वॉर्डातच विचारले. आधी ती भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आरं, ती गोळी खाल्ली की घडीघडीला खाली जावं लागतं. जिना उतरायचा, लाइनीत उभं राहायचं, परत चढायचं. दम लागतो म्हणून गोळी, आन् गोळीपायी दम. मी आपली ज्या दिवशी बरं वाटंल त्या दिवशी घ्यायची."

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. संडास खाली, वस्तीच्या टोकाला. सकाळी तिथे रांग असते हे आम्हाला रोज दिसते, कारण आम्हीही त्याच रांगेत असतो. कार्डावर ती गोळी लिहिणाऱ्याला ही रांग ठाऊक असणे शक्य नव्हते. आम्हाला ठाऊक होती, पण गोळीचा आणि रांगेचा संबंध आमच्या डोक्यात आला नाही. आई अडाणी म्हणून गोळी चुकवत नव्हती. तिने तिच्या परीने हिशेब केला होता आणि तो चुकीचा होता असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आमच्या कानावर आलेली अशीच आणखी काही घरे सांगतो.

वर्षावासात आपल्या अनेक भगिनी पौर्णिमेला अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी मधुमेहाच्या. पायाच्या जखमेसाठी इस्पितळात राहून दोन आठवड्यांपूर्वीच घरी आलेल्या, तिथे साखरेची गोळी ग्लिमेपिराइड वाढवून दिलेली, सकाळी आणि रात्री. पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी दुपारी जेवून उपवास धरला आणि रात्रीची गोळी मात्र नियमाने घेतली. पहाटे सुनेने पाहिले तर अंथरूण घामाने भिजलेले, मावशी असंबद्ध बोलताहेत. शेजाऱ्यांना वाटले वारं गेलं. इस्पितळात पाहतात तो रक्तातली साखर ३८. ग्लुकोज चढवल्यावर मावशी शुद्धीवर आल्या, पण दोन दिवस ठेवून घ्यावे लागले. कारण या गोळीचा असर लांबतो आणि वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा खाली घसरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखीच. म्हणून एकदा साखरपाणी पाजून माणूस उठून बसला की संपले, असे समजू नये. शुद्धीत असेल तर साखरपाणी द्यावे, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, आणि दोन्ही वेळा इस्पितळ गाठावे.

मावशींनी शील मोडायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. विनयात औषधांवर भेसज्जक्खंधक नावाचे अख्खे प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी काय काय मोकळे केले, ते त्यात सविस्तर आले आहे. आपल्या उपासकांना तर त्याहून अधिक मोकळीक आहे. उपवासापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारले पाहिजे, की त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती सोडायची, इन्सुलिन असेल तर किती घ्यायचे. सगळीच औषधे उपाशीपोटी बंद करायची नसतात. ठरवायचे त्यांनी, पण विचारायचे आपण.

दुसरे एक रिक्षाचालक बंधू, बावन्न वर्षांचे. हृदयविकाराचा झटका आला, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या रोज, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. झटक्यानंतर स्टेंट बसवला की या दोन्ही गोळ्या सहसा वर्षभर चालवतात. तीन महिन्यांनी दाढ काढायची वेळ आली. दातांच्या दवाखान्यात सांगितले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करून या. यांनी बंद केल्या. दाढ निघाली. गोळ्या पुन्हा सुरू कधी करायच्या, हे कोणी सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. बरे वाटत होते, पैसेही वाचत होते. तीन आठवड्यांत स्टेंटमध्ये गुठळी अडकली आणि दुसरा झटका आला. बंधू वाचले, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. रिक्षा विकली. मुलगी बारावीत होती, ती आता एका दुकानात कामाला जाते. स्टेंटवाल्या रुग्णाने या गोळ्यांना हात लावण्याआधी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचे, मग बंद करायला सांगणारा कोणीही असो.

दम्याच्या पंपाबद्दल फार लिहीत नाही. बरे वाटले की पंप बंद, आणि थंडी पडली की पुन्हा ऑक्सिजन, हे चक्र पुष्कळ घरांत आहे. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. रोजच्या पंपात सूज रोखणारे औषध असते, ते बरे वाटण्यासाठी नसून बरे राहण्यासाठी असते.

संधिवाताच्या एका गोळीबद्दल मात्र मुद्दाम सांगतो. तिचे नाव मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि जीवही जाऊ शकतो. घरात ही गोळी असेल तर आजच पाकिटावर पेनने वार लिहून ठेवा. ‘फक्त रविवार’ असे ठळक लिहा.

आम्ही डॉक्टर नव्हे, हिशेब खात्यातले कारकून. आयुष्य रकाने भरण्यात गेले. पण त्या सकाळी टेबलावर मांडलेली एकोणीस पाकिटे पाहून आम्हाला आमचेच काम आठवले. महिनाअखेरीस आम्ही कचेरीच्या कॅशबुकातल्या नोंदी आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवतो. इकडे आहे आणि तिकडे नाही अशी एकेक रक्कम शोधतो. दोनदा लागलेली, राहून गेलेली, चुकीच्या खात्यात पडलेली. याला बँक ताळमेळ म्हणतात आणि तो लागल्याशिवाय साहेब घरी सोडत नाहीत. आईच्या पिशवीत हेच झाले होते. एक नोंद दोनदा, एक राहून गेलेली, आणि एक भलत्याच खात्यातून आलेली. दरमहा परक्या पैशाचा ताळमेळ लावणाऱ्या आम्हाला आईच्या गोळ्यांचा लावता आला नाही!

पुढे वाचनात आले की डॉक्टर मंडळीही याला ताळमेळच म्हणतात. रुग्ण दाखल होताना आणि घरी जाताना, जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून प्रत्येक औषधापुढे ‘चालू’, ‘बंद’, ‘बदल’ किंवा ‘नवे’ असा शेरा मारायचा. आपल्या सार्वजनिक इस्पितळांत एका हाऊसमनच्या माथी इतक्या खाटा असतात, की हे काम राहून जाते. आम्ही त्या पोराला दोष देत नाही. पण राहून गेलेले काम कोणाच्या तरी अंगावर पडतेच.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या इस्पितळातून घरी गेलेल्या ४०० रुग्णांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७६ जणांना, म्हणजे पाचांतल्या जवळजवळ एकाला, घरी गेल्यावर उपचारांतूनच काही ना काही इजा झाली होती, आणि अशा इजांपैकी सुमारे दोन तृतीयांश औषधांमुळे झालेल्या होत्या. त्याच देशातला २०११ सालचा दुसरा अभ्यास पासष्टीच्या पुढच्या लोकांचा आहे. औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने भरती झालेल्यांपैकी दोन तृतीयांश रुग्ण चारच प्रकारच्या औषधांचे निघाले. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, इन्सुलिन, गुठळी रोखणाऱ्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. म्हणजे कुठली तरी दुर्मीळ, महागडी औषधे नव्हेत. आपल्याच खिडकीला लटकणाऱ्या पिशवीतली. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांनी होणारी इजा कमी करण्यासाठी २०१७ साली जगभर मोहीम काढली. २०२२ च्या १७ सप्टेंबरचा रुग्ण सुरक्षा दिनही याच विषयाला दिला होता. त्या दिवशी आपल्या वस्तीत कोणाला काही कळले नाही, आम्हालाही नाही.

आता कार्डाविषयी. डिस्चार्ज कार्डावरची भाषा आम्ही डॉक्टरीणबाईंकडून उतरवून घेतली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच, आणि हे सर्वांत घातकी, कारण पुष्कळ घरांत एसओएसची गोळी रोजच्या गोळ्यांत जाऊन बसते. १-०-१ असे लिहिले असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ सालीच केला आहे. त्यामुळे "डॉक्टर, हे नाव वाचता येत नाही, जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या" असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. आपली माणसे पांढऱ्या कोटापुढे फार वाकतात. साहेबापुढे युनियनचा बावटा घेऊन उभे राहणारे आमचे मित्रही ओपीडीत ‘जी डॉक्टर, जी डॉक्टर’ करतात.

डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात पडल्यावर तिथेच, खाटेपाशी, जुनी पिशवी उघडावी आणि विचारावे, यातली कोणती बंद? कोणती आणि तिची नवी बहीण एकच आहे? ही किती दिवस घ्यायची? एखादी चुकली तर दुसऱ्या वेळेला दोन घ्यायच्या का? बहुतेक वेळा उत्तर नाही असेच असते. दुखले, सर्दी झाली तर घरात काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही? इतके विचारायला पाच मिनिटे लागतात. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरना विचारावे, औषधखिडकीवरच्या फार्मासिस्टला विचारावे. त्यांनाही हे येते, पण त्यांना कोणी विचारत नाही. आणि जमले तर डिस्चार्ज घ्यायला जो माणूस घरी गोळ्या देणार आहे त्यानेच जावे. आमच्या घरी कार्ड आम्ही घेतले आणि गोळ्या द्यायचे काम पत्नीवर पडले. तिला कार्डातले अक्षरही कोणी समजावले नव्हते.

पैशाचा प्रश्न येतोच. अर्धे पाकीट घ्यायचे, पगार झाला की उरलेले घेऊ म्हणायचे, आणि मधले आठ दिवस कोरडे जायचे. यावर उपदेश करायला आम्हाला तोंड नाही, आम्हीही ते केले आहे. दोन गोष्टी मात्र उपयोगी पडतील. २००८ साली सुरू झालेली जनऔषधी दुकाने आता बहुतेक भागांत आहेत. तिथे मूळ नावाची औषधे बरीच स्वस्त मिळतात. फक्त गोळीचा रंग आणि आकार बदलतो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नवी गोळी जुनीच्या शेजारी ठेवून दाखवावी आणि जुने पाकीट तिथून हलवावे. नाहीतर आमच्यासारखे व्हायचे, दोन्ही चालू. दुसरे, फुले योजनेतून उपचार झाले असतील तर घरी गेल्यावरची काही औषधे आणि फेरतपासणी पॅकेजमध्ये धरलेली असू शकते. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, त्याला निघण्यापूर्वी विचारावे. आणखी एक, अर्धे पाकीट कापून घेताना नाव आणि तारखेचा तुकडा आपल्या भागात येईल असे कापून मागावे. आईच्या पिशवीतल्या एकोणिसांपैकी पाच तुकड्यांवर काहीच लिहिलेले नव्हते. डॉक्टरीणबाईंनाही ती ओळखता आली नाहीत. ती सरळ टाकून दिली.

एखाद्या औषधाने भलताच त्रास झाला असे वाटले, तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. केंद्राचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे.

सुक्या मासळीचे एक राहिले. हृदयाच्या रुग्णाला सुकट, बोंबील, पापड, लोणचे म्हणजे मीठच. एका हितचिंतकाने आईसाठी कमी सोडियमचे मीठ आणून दिले. तेही विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते आणि रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढत असते. ते डबडे आम्ही परत केले. हितचिंतक थोडे नाराज आहेत.

महिला मंडळाने गेल्या रविवारी वर्गणी काढून विहारात एक वजनकाटा ठेवला आहे. हृदय कमजोर असलेल्याचे वजन तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वाढले, तर ते अंगात साठलेले पाणी समजायचे आणि दम लागायची वाट न पाहता डॉक्टर गाठायचे. ज्यांच्या घरात काटा नाही त्यांनी सकाळी विहारात येऊन वजन करावे. आमची खटपट अशी चालली आहे, की महिन्यातून एका रविवारी ज्याने त्याने आपापली पिशवी घेऊन यावे. वस्तीतल्या दोन मुली फार्मसी शिकल्या आहेत, त्या बसायला तयार आहेत. त्या औषध बदलणार नाहीत, बंदही करणार नाहीत. नुसती यादी करून देतील आणि एकाच औषधाची दोन नावे दिसली तर सांगतील. ती यादी घेऊन ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडे जायचे.

आई सहा दिवसांनी घरी आली. या वेळी आम्ही कार्डाची वहीत नक्कल केली. जुन्या सातांतल्या पाच गोळ्यांवर काट मारून घेतली, तिथेच, डॉक्टरीणबाईंच्या हाताने. लघवीच्या गोळीचे रांगेचे दुखणेही सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकवायची नाही, पण वेळ पुढेमागे करता येईल. बाहेर जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर द्या, फक्त फार उशिरा नको, रात्रीची झोप जाईल. आणि घरात कमोडची खुर्ची ठेवा."

खुर्ची आणली. प्लॅस्टिकची, खाली भांडे असलेली. मोरीच्या बाजूला पडदा लावला. आईने दोन दिवस तिच्याकडे पाहिलेही नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही गोळी हातात घेऊन उभे राहिलो तेव्हा ती बोलली. "तेहतीस वर्षं मी लोकांची घाण काढली. तुला शिकवलं ते ह्यासाठीच, की तुझ्या हाताला ती लागू नये. आता तूच माझं भांडं उचलणार?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सदरात इतकी वर्षे लिहिणाऱ्या माणसाला अशा वेळी एक वाक्य सुचू नये याची लाज वाटली. आम्ही म्हणालो, "आई, तू लोकांची काढलीस. ही आपली आहे." ती काही बोलली नाही. गोळी घेतली.

आता सकाळी सात वाजता गोळी, साडेआठपर्यंत दोनदा खुर्ची. भांडे एक दिवस आम्ही उचलतो, एक दिवस आमचा मुलगा, तो कॉलेजात आहे. आई अजून त्या वेळी तोंड भिंतीकडे करते. वहीत आजची नोंद : वजन ५४ किलो २००, पायाला सूज नाही, डायक्लोफिनॅक नाही, गुडघे दुखतात.